जेलाचं पुडकं

लिस्बनच्या नदीपलीकडच्या आमच्या टेकडीवर कुणी आपल्या मूळच्या बेटांवर जायला निघालं की आठवडाभर त्याच्या घराचं दार लावायचं नसतं. जेवायच्या टेबलावर बॅग उघडी टाकायची आणि आपण आपल्या कामाला लागायचं. लोक येतात, पुडकं ठेवतात, "माझ्या मावशीला दे, बंदराजवळ राहते," एवढं सांगतात आणि जातात. आत काय आहे ते विचारायचं नाही. नाही म्हणायचं नाही. पैसे घ्यायचे नाहीत. आपले कपडे बॅगेत मावले नाहीत तर राहू द्यायचे, तिकडे कुणीतरी अंगावर घालायला देतंच. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की पुडकं मागायचं नाही. "कुणाला काही द्यायचंय का," असं विचारत दारोदार फिरणाऱ्याला आमच्यात हलका समजतात.

या रिवाजावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलंय. पुष्कळ गाजलं ते. पोस्टाशिवाय आणि सरकारशिवाय चालणारी लोकशाही, असं मी त्यात म्हटलं होतं, आणि बर्लिनपासून साओ पावलोपर्यंत लोकांनी माना डोलावल्या होत्या. पण मला स्वतःला उभ्या जन्मात एकानेही पुडकं दिलं नव्हतं. घ्या आता.

माझं नाव ओंदिना. स्थलांतर, वसाहती, कला आणि लोकशाही, हा माझा अभ्यास. ऐकायला चार विषय वाटतात, पण आहे एकच. माझा बाप बेटावरून का निघाला, कुणाच्या राज्यातून निघाला, घरच्यांना आपलं कोणतं चित्र पाठवलं, आणि जिथे राबला तिथे त्याला कुणी मत विचारलं का? एवढंच मी जन्मभर विचारत आले. बाप गवंडी होता. लिस्बनच्या निम्म्या इमारती त्याने बांधल्या असं तो सांगायचा, त्यातलं निम्मं खरं धरा. रविवारी सुट्टी असे, तेव्हा नदीच्या या काठावर, टेकडीवर, स्वतःचं घर रचायचा. मी पुढे शिकले, शहरात राहायला गेले, विद्यापीठात चिकटले, एक नवरा केला आणि सोडला. निवृत्त झाले तेव्हा शहरातला फ्लॅट विकला आणि बापाच्या घरी परत आले. वाटलं, आता आपल्या माणसांत राहू.

दुरून डोंगर साजरे, दुसरं काय.

मी गल्लीतून चालायला लागले की पोरं फुटबॉल पायाखाली दाबून उभी राहतात. कॉफी प्यायला गेले की खुर्ची पुसून देतात. पत्त्यांचा डाव ऐन रंगात असेल तर आवाज खाली येतो. सगळे "डॉक्टरबाई" म्हणतात. समोरचे मारिआनूबाबा, बापाच्या हाताखालचे गवंडी, त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला गुडघा दाखवला.

"बाबा, मी तसली डॉक्टर नाही."

"मग कसली?"

"पुस्तकांची."

"अरेरे," ते म्हणाले आणि गुडघा झाकून घेतला.

चौथ्या घरात आर्कांजेलाची खानावळ. जेला म्हणतात तिला. मी अकरा वर्षांची होईपर्यंत, म्हणजे आम्ही बेट सोडेपर्यंत, तिथल्या मिंदेलो गावात आमची दारं समोरासमोर होती. एका परकरात दोघी वाढलो म्हटलं तरी चालेल. ती इकडे आली ती खूप नंतर, लग्नाच्या वयाची होऊन. तीच जेला आता मला मक्याची कशुपा वाढताना ताटाची कड फडक्याने पुसायची आणि विचारायची, "अजून काही हवंय का, डॉक्टरबाई?" तिच्याच बाजूच्या टेबलावर ती दुसऱ्यांना शिव्या घालून वाढत असायची. मला त्या शिव्यांचा हेवा वाटायचा. खोटं कशाला बोलू?

तर मागच्या हिवाळ्यात मिंदेलोहून बोलावणं आलं. माझ्या सगळ्या कामातलं मला आवडतं ते काम म्हणजे फोटो. आमच्या बापांच्या पिढीचे पुरुष इथे आले, की पहिल्या पगारात लिस्बनच्या एका स्टुडिओत जाऊन फोटो काढायचे आणि बेटावर धाडायचे. स्टुडिओत एकच कोट होता. राखाडी, रुंद कॉलरचा. कृश माणसाला तो ढगळ व्हायचा म्हणून फोटोग्राफर मागून कपड्यांचे चिमटे लावायचा. पुढून बघावं तर साहेब. ज्यांना खोदकामाच्या बराकीत नीट पाठ टेकायला जागा नव्हती ते सगळे त्या एका कोटात साहेब होऊन घरी पोचले. मी असे फोटो घरोघरून जमवले होते. मिंदेलोतल्या लोकांनी त्यांचं प्रदर्शन भरवलं आणि मला भाषणाला बोलावलं.

जायच्या आधीच्या आठवड्यात मी जेवायच्या टेबलावर बॅग उघडी ठेवली. नवी घेतली होती, मोठी. माझे दोन झगे तळाशी अगदी चापून ठेवले, म्हणजे वरची जागा दिसावी. दार उघडं ठेवलं. थंडी आत येत होती, मी शाल गुंडाळून वाचत बसले. वाचत कसली, कान दाराकडे होते.

गल्लीला माहीत नव्हतं असं नाही. जेलानेच खानावळीत सगळ्यांना सांगितलं होतं, "आपल्या डॉक्टरबाई मिंदेलोला चालल्यात, टाळ्या घ्यायला." लोक दारावरून जात होते, बॅगेकडे बघत होते, "शुभ प्रवास" म्हणत होते. पलीकडच्या आळीतला एक ड्रायव्हर माझ्यानंतर पंधरवड्याने जाणार होता. त्याच्या टेबलावर आत्ताच पुडक्यांचा डोंगर झाला होता म्हणे. त्याची बायको वैतागून सांगत होती की जेवायला जागा उरली नाही.

मी मारिआनूबाबांना गाठलं. मागता येत नव्हतं, पण गप्पही बसवेना.

"बाबा, तुमचा पुतण्या आहे ना मिंदेलोत?"

"आहे की."

"बरा आहे ना?"

"बराच असणार. तेल संपलंय म्हणत होता, इथलं ऑलिव्हचं." बाबा माझ्याकडे बघून समजुतीने हसले. "पाठवीन त्या ड्रायव्हरबरोबर. तुमच्या बॅगेत कागदपत्रं असणार, बाई. त्यात तेल सांडलं म्हणजे?"

मी म्हणाले, "कागदपत्रं नाहीत."

"असणारच," बाबा म्हणाले.

शेवटच्या दिवसापर्यंत बॅग तशीच राहिली. माझे दोन झगे, आणि वर रिकामी जागा. मला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन रडले मी, बापाच्या स्वयंपाकघरात, या वयात. मग डोळे पुसले आणि मला राग आला, आणि रागात माणसाला जे सुचतं ते मला सुचलं.

मी बोट पकडून नदीपार शहरात गेले, म्हणजे टेकडीवरचं कुणी बघायला नको. तिथे तेलाचा डबा घेतला. खारवलेला कॉड मासा घेतला. दोऱ्याच्या चांगल्या रिळांचा एक खोका घेतला. घरी येऊन दार लावलं आणि पुडकी बांधली. टेकडीवरच्या घराघराची नाती मला पाठ आहेत, कुणाचं तिकडे कोण, ते मी वर्षानुवर्षं विचारून ठेवलेलं. तेल बाबांच्या पुतण्याला, बाबांच्या नावाने. कॉड ड्रायव्हरच्या सासूला, ड्रायव्हरच्या बायकोच्या नावाने. आणि रिळं जेलाच्या बहिणीला. नेलिदा तिचं नाव, आम्ही बेट सोडल्यावर जन्मलेली, मिंदेलोत शिवणकाम करते. जेलाने मला सांगितलं होतं, "धाकटी बहीण आहे तिकडे, शिंपीण." पुढे मी काही विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं.

मनात म्हटलं, कुणाचं काय बिघडतंय? उलट तीन घरं खूश होतील. उद्या कळलं तर टेकडी हसेल मला. हसू दे, हसायला तरी तोंड उघडतील. पण खरं कारण ते नव्हतं. मला एकदा कुणाच्या तरी दारात उभं राहून "लिस्बनहून पुडकं आणलंय" एवढं म्हणायचं होतं. बस्स.

प्रदर्शन झालं. मिंदेलोचा वारा म्हणजे काय सांगावं, निमंत्रणाचे कागद हातातून उडत होते. मंत्रालयातले दोघे आले, बंदराचे अधिकारी आले. मी भाषणात बोलले तेच, जे मी नेहमी बोलते. की पाच शतकं दुसऱ्यांनी आमच्या वतीने बोलून घेतलं, आमच्या वतीने सह्या केल्या, आमचे फोटोही त्यांनीच काढले, हातात दप्तरी नंबर धरायला लावून. म्हणून हे कोटातले फोटो मोलाचे. यात माणूस स्वतःबद्दल स्वतः बोलतोय, थापा मारत असला तरी स्वतः मारतोय. टाळ्या पडल्या. नंतर मला हॉटेलात सोडलं आणि सगळे आपापल्या घरी जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुडकी घेऊन निघाले. तेल पोचवलं, कॉड पोचवला. बाबांच्या पुतण्याने मला बळेच खाली बसवून तळलेले मासे खाऊ घातले आणि माझ्या बुटांना नावं ठेवली. "असले बूट घालून आमच्या चढावर येतात का कुणी? पाय मोडून घेशील, आजीबाई." आजीबाई म्हणाला. मी खूश होऊन आणखी एक मासा घेतला.

नेलिदाचं घर तिसऱ्या चढावर, जेलाचं जुनं घर तेच. दार उघडंच होतं, मशीन चालू होतं. बारीक चणीची बाई, तोंडात टाचण्या.

"लिस्बनहून आलेय. पुडकं आणलंय."

तिने टाचण्या काढल्या, हातातलं कापड बाजूला सारलं, मला खुर्ची दिली, पाणी दिलं. हे सगळं आधी. नाव कुणाचं ते मागाहून. रिवाजच तसा.

"कुणाकडून गं?"

"आर्कांजेलाकडून."

नेलिदाने पुडकं हातात घेतलं होतं, ते तिने तसंच धरून ठेवलं. मग खाली बसली.

"जेलाने पाठवलं?"

मी मान हलवली.

"आई गेली त्यानंतर एक शब्द नाही आमच्यात," ती म्हणाली. "आई गेली तेव्हा माझी थोरली मुलगी पाळण्यात होती, आता तिला मुलं आहेत. आई शेवटपर्यंत जेलाला विचारत होती. मी फोन केला. जेला म्हणाली, माझे कागद अडकलेत, देश सोडला तर परत आत घेणार नाहीत. मी टोमणा मारला, मग फोटो पाठव. कोट घालून. तो ठेवते आईच्या उशाशी." तिने पुडक्यावरून हात फिरवला. "तिने फोन ठेवला. परत उचलला नाही. मीही केला नाही मग. आम्ही दोघी एकाच मातीच्या."

कागद अडकणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. बेटं स्वतंत्र झाली आणि इथल्या कायद्याने आम्ही सगळे एका सहीसरशी परके झालो. तोवर आम्हाला सांगत होते की तुम्ही याच देशाचे. त्यावर माझं दुसरं पुस्तक आहे. पण त्या पुस्तकात जेलाची आई नव्हती.

हे पुडकं तिचं नाही, माझं आहे, एवढं म्हणायचं होतं. तिच्या हातातून ते काढून घ्यायची छाती मला झाली नाही.

"काही सांगितलं का तिने?" नेलिदाने विचारलं.

"नाही. काहीच सांगितलं नाही."

"तशीच आहे ती," नेलिदा म्हणाली आणि हसली, आणि डोळ्यांना बाही लावली.

आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, हाही रिवाजच. नेलिदा आतल्या खोलीत गेली. बराच वेळ खुडबुड ऐकू येत होती. मग एक कापडी पिशवी घेऊन आली, मशीनवर बसली आणि पिशवीचं तोंड शिवून टाकलं, पुढून एकदा, उलटून एकदा. आमच्याकडे पिशवी शिवून देतात ती वाटेत कुणी उघडू नये म्हणून नव्हे, आपल्या हाताचा टाका ओळखू यावा म्हणून. पिशवी हलकी होती. मी विमानात ती मांडीवर घेऊन बसले.

टेकडीवर आल्या आल्या मारिआनूबाबा भिंतीवरून ओरडले, "काय हो डॉक्टरबाई, मी म्हणे तेल पाठवलं? पुतण्याचा फोन आला होता. आभार मानत होता. मी म्हटलं, घे बाळा, आणखी पाठवीन." आणि खो खो हसले. पुतण्याने दिलेलं बकरीचं चीज मी त्यांना दिलं, ड्रायव्हरच्या घरी सासूने दिलेली दारूची बाटली दिली. तिथेही हसूनच घेतलं. मला बरं वाटायला हवं होतं.

जेलाकडे जायला मी दुपारची वेळ धरली, जेवणं उरकून खानावळ रिकामी होते तेव्हाची. ती टेबलं पुसत होती.

"या डॉक्टरबाई. कशा होत्या टाळ्या?"

मी पिशवी टेबलावर ठेवली. तिने टाका बघितला. तिच्या हातातलं फडकं थांबलं.

"हे कुणी दिलं?"

"नेलिदाने."

"तिने का दिलं?"

"तू पाठवलंस म्हणून," मी म्हणाले. आणि मग सगळं सांगितलं. बॅग, बोट, रिळं, सगळं. सांगताना मी मधेच हसू आणायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही.

जेलाने खानावळीचं दार आतून लावलं. वाटलं, मारते की काय आता.

"मी मागे एकदा तुझ्या भाषणाला आले होते," ती म्हणाली. "शहरात. नवे बूट चावत होते तरी शेवटपर्यंत बसले. तू म्हणालीस, आमच्या वतीने बोलायचा हक्क आता कुणाला नाही. मी टाळ्या वाजवल्या, दिना. हात लाल होईपर्यंत वाजवल्या."

दिना हे माझं घरातलं नाव. बाप गेल्यापासून त्या नावाने मला कुणी हाक मारली नव्हती.

"मग तू कोण माझ्या वतीने बोलणारी? नेलिदाला माफ करायचं की नाही, कधी करायचं, करायचं तर कसं, हे माझं होतं. घर माझं नाही, जमीन नगरपालिकेची आहे. कागद मिळायला अर्धा जन्म गेला. पोरी आपापल्या नवऱ्यांच्या देशात. एवढी एकच गोष्ट होती माझ्याकडे, जिच्यात कुणी माझं तोंड धरलं नव्हतं. ती तू जाऊन खोकाभर रिळांना विकून आलीस."

"जेला, मला माहीत नव्हतं."

"तुला कसं माहीत असेल? तू विचारलं असतंस तर सांगितलं नसतं मी. तुला सांगितलं की छापून येतं." ती खुर्चीवर बसली. "तुला वाटतं आम्ही मान देतो म्हणून पुडकं देत नाही. मारिआनू बिचारा भला आहे, तो तसं म्हणतो. अगं बाई, तू विचारतेस. आत काय, कुणाला, का, कधीपासून. लहानपणापासून अशीच. कुणी तोंडावर सांगितलं नाही, एवढाच काय तो मान."

पन्नास लेख लिहिलेत मी, हे एकाही लेखात नव्हतं.

जेलाने पिशवी उचलली, आत गेली आणि मधलं दार लावलं. मी पुढच्या दाराची कडी काढून बाहेर आले.

त्यानंतर काही आठवडे फार वाईट गेले. खानावळीत जायची सोय राहिली नाही. लोक नेहमीसारखेच वागत होते, खुर्ची पुसत होते, आवाज खाली आणत होते, पण आता त्याचं खरं कारण मला ठाऊक झालं होतं, आणि ते ठाऊक होऊन पुसलेल्या खुर्चीवर बसणं जड जातं. मी घरी अंडं उकडून खायची. लिहायला बसले तर एक ओळ सुचेना. खिडकीतून नदी दिसते आमच्या. बोटी जायच्या, यायच्या. कधी कधी दिवसभरात माझा आवाज मला ऐकू यायचा तो फक्त ब्रेडवाल्याशी बोलताना. मी मेल्यावर मला कोण विचारेल याचा हिशेब करून बघितला. विद्यापीठ हार पाठवील, बहुतेक.

मग एका दुपारी जेला आली. दार लोटून सरळ आत, हातात पुडकं. जुन्या टेबलक्लॉथचं, आडवी-उभी दोरी, वर आमच्या मिंदेलोच्या गल्लीतली दुहेरी गाठ. तिने ते जेवायच्या टेबलावर आपटलं.

"कधी निघतेयस?"

"कुठे?"

"मिंदेलोला."

"आत्ताच तर जाऊन आले."

"जाणाऱ्यालाच पुडकं देतात. दिलंय. आता तू जाणारी." तिने स्वयंपाकाच्या वासाचे हात एप्रनला पुसले. "दुसऱ्या कुणाबरोबर मी पाठवणार नाही. सुरुवात तू केलीस, आता निस्तर."

मी पुडक्याकडे बघितलं. हात पुढे गेला तो मागे घेतला. ती माझ्याकडेच बघत होती.

"विचार ना," जेला म्हणाली. "जीभ वळवळतेय तुझी."

"नाही विचारत."

"बरं. मग ऐक. तिने विचारलं, जेला काय म्हणाली, कशी दिसते, रडली का, तर तू काही बोलायचं नाहीस. फक्त एक सांगायचं. आधीचं मी दिलं नव्हतं, तू दिलं होतंस. ते तुझ्या तोंडाने सांगायचं, दारात उभं राहून, पुडकं तिच्या हातात द्यायच्या आधी. मग तिने हे घेतलं तर घेतलं. नाही घेतलं तर परत घेऊन ये. वाटेत टाकून देऊन मला घेतलं म्हणून सांगू नकोस. तुझं काही खरं नाही, दिना."

"तिला किती आनंद झाला होता, जेला."

"तो खोटा होता. खोट्या आनंदावर माझं नाव नको."

मी तिकीट काढलं. पेन्शनवर जगणाऱ्या बाईने महिन्याभरात दुसऱ्यांदा विमानात बसणं म्हणजे वेडेपणाच. बॅग टेबलावर उघडी ठेवली नाही, लाज वाटली. एकच पुडकं आत ठेवलं. ते हलू नये म्हणून भोवती माझ्या शाली कोंबल्या.

तिसऱ्या चढावर पोचेपर्यंत मी घोकत होते. आयुष्यभर भाषणं केली, पण इतकं कधी घोकलं नव्हतं. दार उघडंच होतं, मशीन चालू होतं. मला बघून नेलिदाचा चेहरा असा फुलला की मी पाठ फिरवून पळणार होते.

"परत आलीस! ये, बस. तिने काही पाठवलं?"

मी बसले नाही. उंबऱ्याबाहेरच उभी राहिले आणि सांगितलं. "मागचं पुडकं जेलाने दिलं नव्हतं. ते मी विकत आणलं, मी बांधलं, आणि तुला खोटं सांगितलं. तिला काही माहीत नव्हतं. हे तिने दिलंय."

तिचा चेहरा मिटत गेला, तो मला बघावा लागला. वाऱ्याने दार आपटत होतं. तिने ते एका हाताने धरलं, दुसऱ्या हाताने माझ्याकडून पुडकं घेतलं. गाठ बघितली. बोटाने चाचपून परत बघितली. मग आत गेली आणि दार लावून घेतलं. मला कुणी पाणी विचारलं नाही.

मी पायरीवर बसले. जायचं कुठे? हॉटेलही घेतलं नव्हतं. समोर आमचं जुनं घर होतं, त्याला आता दुसऱ्याच कुणाचा निळा रंग. खाली बंदरात एक जहाज रिकामं होत होतं. आत काही आवाज नव्हता, रडण्याचा नाही, बोलण्याचा नाही. ऊन माझ्या पायांवरून सरकून भिंतीवर गेलं. बूट पुन्हा तेच घालून आले होते, ते चावत होते. घेतलं नाही तर परत ने, असं जेला म्हणाली होती. म्हणून मी दार उघडायची आणि पुडकं बाहेर यायची वाट बघत होते.

मग आत खुडबुड झाली. फळ्या सरकल्या, काहीतरी खाली काढलं गेलं. आणि मशीन सुरू झालं. आधी पुढून, मग थांबलं, मग उलटून परत एकदा. पिशवीचं तोंड शिवतात तसं.

ती आत काय घालतेय ते मला दिसत नव्हतं. मी बूट काढून बाजूला ठेवले आणि बसून राहिले.